माळ्यावरच्या विटा

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेलं भाषण. वेळेअभावी स्टेजवर जे गाळावं लागलं, ते इथे पुन्हा घातलं आहे.)



पंचवीस वर्षांचा अहवाल तुम्ही आत्ताच ऐकला. 1999 साली नोंदणी झाली, पहिले दोन उन्हाळे टँकरवर काढले, मग बोअर मारली, मग कंपाउंड वॉल, मग लिफ्ट आणि गेल्या उन्हाळ्यात पाइपलाइन. ह्यात मला भर घालायची नाही. मला बोलायचंय ते त्या पाइपलाइनच्या कामामुळे माळ्यावरून खाली आलेल्या सामानाबद्दल. त्यातही खेळण्यांबद्दल, आणि खेळण्यांतही फक्त विटांबद्दल. विषय लहान वाटेल. पण येत्या सभेत तळमजल्यावरच्या ज्या खोलीचा ठराव आहे तिच्याशी ह्याचा संबंध आहे, तेव्हा जरा धीर धरा.

नोटीस तुम्हाला आठवत असेलच. जुने जीआय पाइप आतून गंजून बुजले होते, नळाला धार राहिली नव्हती. बाथरूमवरच्या माळ्यातून जाणारी सगळी लाइन बदलायची, म्हणून आठ दिवसांत माळे रिकामे करा, असा हुकूम निघाला. एप्रिलचा शेवट, पारा 44 च्या पुढे, आणि सामान ठेवायला जागा एकच, पार्किंग. तांब्याचे बंब, पाळण्याचे दांडे, तीन पायांच्या खुर्च्या, कूलरच्या वाळलेल्या जाळ्या, लग्नात आलेले आणि कधीच न उघडलेले डिनर सेट. आठ दिवस आपलं पार्किंग म्हणजे जुना बाजार झाला होता. भंगारवाला दिवसातून तीनदा चक्कर मारत होता, आणि दरवेळी त्याची गाडी भरून जात होती.

ह्या सगळ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मी तीस वर्षं बालवाडीत काढली आहेत, त्यामुळे खेळणी दिसली की मी मोजते. आपल्या चोवीस फ्लॅटपैकी सतरा फ्लॅटच्या सामानात ठोकळ्यांची पिशवी होती. कुणाकडे बिस्किटांच्या डब्यात, कुणाकडे उशीच्या अभ्र्यात, एका घरात तर चक्क प्रेशर कुकरमध्ये. ह्याच घरांनी तीनचाकी सायकली कामवाल्या बाईंच्या मुलांना देऊन टाकल्या होत्या. बाहुल्या, मोटारी, क्रिकेटच्या बॅटी कधीच गेल्या होत्या. ठोकळे मात्र राहिले. असं का, ह्याचा मी बराच विचार केला. मला वाटतं, मोटारीचं चाक निघालं की मोटार मोडली असं म्हणता येतं. ठोकळे तर मुळातच सुटे. ते मोडत नाहीत, फक्त कमी होतात. आणि कमी झालेलं पुढेमागे सापडेल, ह्या आशेवर आपल्यासारखी माणसं काहीही ठेवतात.

आमच्या माळ्यावरून दोन गोष्टी निघाल्या. एक पत्र्याची पेटी आणि एक साखरेची पिशवी. आधी पेटीचं सांगते, कारण ती जुनी.

माझं माहेर धुळ्याचं. 1906 साली इंग्रजांनी खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. माझं माहेर पश्चिमेला पडलं आणि सासर पूर्वेला, मध्ये पारोळा-एरंडोलचा रस्ता. धुळ्याच्या गल्ल्यांना नंबर आहेत, हे इथल्या पुष्कळांना माहीत आहे. आम्ही गल्ली नंबर चारमधले. पेशवाई बुडाल्यावर कॅप्टन ब्रिग्ज नावाच्या साहेबाने 1819 मध्ये धुळे हे खानदेशचं मुख्य ठाणं केलं आणि तिथे नवी वसाहत वसवली. त्या भागातले सरळ रस्ते आणि एकमेकांना समांतर गल्ल्या बघितल्या की वाटतं, कुणीतरी जमिनीवर बसून ठोकळे मांडले असावेत.

माझे वडील बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. आम्हा दोघा भावंडांना त्यांनी विकतचं खेळणं क्वचितच आणलं, पण 1964 च्या दिवाळीत ही पेटी आणली. एका सुताराकडून सागाच्या उरलेल्या पट्ट्या कापून घेतलेल्या विटा. प्रत्येक वीट 3 इंच लांब, दीड इंच रुंद, 1 इंच जाड. तेव्हाच्या बांधकामात वीट मालासकट 9 इंच, साडेचार इंच आणि 3 इंच धरायचे. म्हणजे आमची वीट सगळ्या बाजूंनी खरीच्या बरोबर एक तृतीयांश. झाकणाच्या आतल्या बाजूला जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीने त्यांच्या अक्षरात हिशेब लिहिलेला आहे: पूर्ण 120, पाऊण 12, अर्ध्या 24. साठ वर्षांनीही तो वाचता येतो. सरकारी माणूस, खेळण्याचंही मोजमाप पुस्तक ठेवायचा.

आजी एकदा दारात उभी राहून म्हणाली होती, "हाई काय शे व माय? इटा त्या, लाकूडन्या?" तिला कळेना की धुळ्यात मातीच्या विटा पडल्या असताना लाकडाच्या कशाला करायच्या.

खेळताना वडिलांचा नियम एकच होता. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. खालच्या दोन विटांच्या फटीवर वरची अख्खी वीट बसली पाहिजे. शेवटी जी जागा उरते तिथे अर्धी किंवा पाऊण, आणि त्यासाठीच त्या पेटीत होत्या. "सांध्यावर सांधा आला की ती भिंत नव्हे, नुसती चळत," असं ते म्हणत. आणि लगेच बोटाने ढकलून दाखवत. चळत दुभंगून दोन्हीकडे पडायची, भिंत जागची हलायची नाही. वजन तेच, विटा त्याच. मांडणीत फरक. विटेची लांबी रुंदीच्या दुप्पट का, हेही त्यांनीच दाखवलं. दोन विटा उभ्या शेजारी ठेवल्या की त्यांच्यावर एक आडवी बरोबर बसते. लांबी दुप्पट नसेल तर कोपरा वळतच नाही.

सप्टेंबर आला की विश्वेश्वरय्यांची गोष्ट ठरलेली. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनियर म्हणून लागले, आणि सुरुवातीच्या काळात खानदेशात होते. पांझरेच्या पाण्यासाठी दातर्तीला त्यांनी नळाचा सायफन बांधला, ते त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी. पुढे म्हैसूर, कृष्णराजसागर, भारतरत्न, ते सगळं नंतर. वडिलांच्या दृष्टीने त्यांची खरी परीक्षा आमच्या पांझरेनेच घेतली होती. माझा भाऊ विटांमधून पाण्याची वाट काढून सायफन करायचा, आणि लाकडी विटा भिजल्या म्हणून मार खायचा.

पेटी उघडली तेव्हा मी मोजल्या. पाऊण 12 आणि अर्ध्या 24 जागेवर होत्या. पूर्ण निघाल्या 117. सागाला कीड लागलेली नव्हती. कोपरे गोल झालेले, आणि हाताच्या घामाने लाकूड काळसर चकचकीत झालेलं. मी धुळ्याला भावाला फोन लावला आणि सांगितलं की तीन विटा कमी आहेत. तो म्हणाला, "माझ्याकडे आहेत." म्हटलं, कधीपासून? म्हणाला, "कॉलेजपासून. टेबलावर असतात. आहेत, पण देणार नाही." तो सत्तरीला आलाय.

आता साखरेच्या पिशवीकडे येते. ही 1999 नंतरची, आपल्या सोसायटीची. म्हणजे त्या पिशवीला सोसायटीची म्हणावं की आमची म्हणावं, हाच माझ्या बोलण्याचा मुद्दा आहे.

तेव्हा राहायला आलेल्यांना आठवेल, पहिल्या दिवाळीला मुलांनी किल्ला केला तो बिल्डरच्या उरलेल्या विटांचा. पावसाळ्यात बाहेर चिखल आणि उन्हाळ्यात ऊन, म्हणून एरवी पोरं सी विंगच्या जिन्यात खेळायची, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर. तिथे वारा असतो. आमच्या घरात दोन प्रकारचे ठोकळे होते. एक फुले मार्केटमधून घेतलेले, पॉलिथीनच्या पिशवीत मिळणारे, आणि दुसरे माझ्या चुलत दिरांनी सिंगापूरहून आणलेले लेगो. दोन्ही दिसायला सारखेच. पण स्वस्तातले दोन दिवसांत सैल पडायचे, आणि दुसरे आज पंचवीस वर्षांनी टक् आवाज करून बसतात.

आमच्या ह्यांची सगळी नोकरी एमआयडीसीत, प्लास्टिक मोल्डिंगच्या युनिटात गेली. जळगावची प्लास्टिकची चटई देशभर जाते, जळगावचा पाइप जातो, तेव्हा प्लास्टिकबद्दल ह्या गावात कुणालाही विचारा, तो दोन गोष्टी सांगेलच. ह्यांनी सांगितलं ते असं. फरक दाण्यात आणि डायमध्ये. लेगोचे ठोकळे 1963 पासून एबीएस नावाच्या प्लास्टिकचे होतात. ते कडक, आकार धरून राहणारं. स्वस्त ठोकळे साध्या, मऊसर दाण्याचे, कित्येकदा भंगार वितळवून केलेल्या रीप्रोसेस दाण्याचे. असा माल उन्हात कडक होतो आणि तुटतो. आणि डाय थोडी जरी झिजली तरी पकड जाते. दोन तुकड्यांत केसाएवढीही फट चालत नाही.

ही पकड काय चीज आहे, ते मी पुढे वाचून काढलं. लेगो कंपनी डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या एका सुताराची. ओले कर्क क्रिस्तियानसेन. 1932 मध्ये मंदी होती, घरबांधणीची कामं मिळेनात, तेव्हा तो लाकडी खेळणी करायला लागला. म्हणजे गोष्ट त्याही बाजूला सुतारापासूनच सुरू होते. प्लास्टिकच्या विटेची कल्पना मुळात त्यांची नव्हती. इंग्लंडमध्ये हिलरी फिशर पेज नावाच्या गृहस्थाने ती आधी केली होती. ह्यांची सुरुवातीची वीट आतून पोकळ, पकड जेमतेम. मग तिच्या पोटात नळ्या घातल्या, त्या नळ्या खालच्या विटेवरच्या गोल बटणांना घट्ट दाबून धरतात. 28 जानेवारी 1958 ला त्याच्या पेटंटचा अर्ज केला. त्या वर्षीची वीट आजच्या विटेवर बसते.

आणि तिची मापं? साधारण 32 मिलिमीटर लांब आणि 16 रुंद. पुन्हा दुप्पट! जर्मनीतल्या फ्रेडरिक फ्रोबेलने, ज्याने 1840 मध्ये किंडरगार्टन हा शब्द काढला, मुलांसाठी लाकडी विटांची जी पेटी केली तिच्यातली वीट 2 इंच लांब, 1 इंच रुंद, अर्धा इंच जाड. बालवाडीच्या ट्रेनिंगमध्ये मी ती पाहिली तेव्हा मला फ्रोबेलपेक्षा वडीलच आठवले. फ्रोबेल, डेन्मार्कचा सुतार आणि धुळ्याचा ओव्हरसियर, तिघेही वीटभट्टीवाल्याचंच गणित वापरत होते.

गणितावरून आठवलं. अशा एकाच रंगाच्या, आठ बटणांच्या सहा विटा किती प्रकारे जोडता येतील? कंपनी बरीच वर्षं सांगत होती, 10 कोटी 29 लाख 81 हजार 500. तो आकडा फक्त एकावर एक सहा मजले चढवण्याचा निघाला. कोपनहेगन विद्यापीठातल्या सोरेन आयलर्स ह्या गणितज्ञाने कॉम्प्युटरवर सगळे प्रकार मोजले, तर झाले 91 कोटी 51 लाख 3 हजार 765. आपल्याकडे सहा विटा घेऊन बसवलेलं पोर दहा मिनिटांत "बोअर झालं" म्हणतं, तेव्हा त्याला हा आकडा सांगावा. काही उपयोग होत नाही, पण सांगावा.

तर पिशवी. ती मी पार्किंगमध्ये चादरीवर ओतली आणि तुकडे वेगळे करायला बसले. एकूण 412. आणि बघते तो काय, तुकड्यांच्या पोटात खुणा. त्या काळी जिन्यात चार-पाच घरांची पोरं एकत्र खेळायची आणि संध्याकाळी कुणाचं कुठलं ह्यावरून भांडणं लागायची. म्हणून आम्ही आयांनी खुणा केल्या होत्या. आमची खूण लाल नेलपॉलिशचा ठिपका. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची हिरवी स्केचपेन. ए विंगच्या डॉक्टरीणबाईंनी सुई तापवून भोक पाडलं होतं, अगदी ऑपरेशन केल्यासारखं. कुणाचा चुन्याच्या कळीसारखा पांढरा रंग, कुणाची नुसती फुली. आमच्या 412 तुकड्यांत पाच घरांच्या खुणा निघाल्या. उत्सुकता म्हणून मी शेजारच्या दोन पिशव्याही बघितल्या. लाल ठिपक्याचे 31 तुकडे दुसऱ्या मजल्यावरच्या प्रेशर कुकरमध्ये होते.

मुलाला पुण्याला व्हिडिओ कॉल केला. तो मीटिंगमधून मीटिंगमध्ये जात होता. म्हणाला, "आई, टाकून दे ते सगळं, घरात जागा कर." मी म्हटलं बरं, आणि फोन चादरीवरून फिरवला. तर तो म्हणाला, "थांब. तो निळा, दातांचे व्रण असलेला. तो माझा नाही. तो बी विंगचा." आणि त्या बी विंगच्या मित्राचं नाव घेऊन पाच मिनिटं बोलत राहिला. मीटिंगला उशीर झाला असणार.

त्या दुपारी मला पटलं, की ह्या पिशव्या आता वेगळ्या करता येणार नाहीत. कागदोपत्री माळा ज्याचा त्याचा. पण माळ्यावरच्या पिशवीत पाच घरं आहेत. जिना, गच्ची, पार्किंग सामायिक, तसेच हे ठोकळेही सामायिक. फक्त ते गेली वीस वर्षं सतरा माळ्यांवर विभागून ठेवले होते.

मग पुढचे आठ दिवस जे झालं ते तुम्ही पाहिलंच. चादर तशीच राहिली. सकाळी सात ते दहा, ऊन चढेपर्यंत, मुलं खाली. आधी आमच्या मजल्यावरची दोन, मग सहा, मग अकरा. मला तेव्हा कळलं की आपल्याकडे बारा वर्षांखालची मुलं नऊ घरांत आहेत आणि ती एकमेकांना धड ओळखतही नव्हती. एक शाळेच्या बसने जातो, एक रिक्षाने, एकीची ट्यूशन, एकाचा मोबाइल. भाडेकरूंची चार मुलं तर अशी, की दोन वर्षं इथे राहून कुणाच्या दारात गेली नव्हती. ए विंगमधल्या एका चौथीतल्या मुलीने वडिलांच्या सागाच्या विटांचा मनोरा केला, सांध्यावर सांधा. पडला. पुन्हा केला, पुन्हा पडला. मी तोंड बंद ठेवलं. बालवाडीच्या बाईला ते फार जड जातं. तिसऱ्या वेळी तिने मधली वीट आडवी घातली, बोटाने ढकलून पाहिली, आणि भाडेकरूंच्या मुलाला म्हणाली, "असं कर, मग नाही पडत." तिला कुणी शिकवलं नव्हतं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांचं नाव घेतल्याशिवाय मला राहवत नाही. 1945 साली बोर्डीला आणि नंतर कोसबाडला त्यांनी आदिवासी मुलांची बालवाडी चालवली. महागडी माँटेसोरी साधनं परवडणारी नव्हती, तेव्हा शंखशिंपले, बिया, खडे, जे आसपास होतं त्यातून साधनं केली. साधन परदेशी की गावठी, हा प्रश्न त्यांनी कधीच निकालात काढला. मूल हाताने काही करतंय का, आणि शेजारी दुसरं मूल आहे का, एवढंच बघायचं. आपल्या पार्किंगमध्ये ते दोन्ही होतं. पाइपलाइनचं काम संपलं, गाड्या परत लागल्या, चादर उचलली आणि मुलं वर गेली.

आता आयांच्या शंका. दोघीतिघींनी मला थांबवून विचारलं, की इतकं जुनं प्लास्टिक मुलांच्या हातात द्यावं का? प्रश्न बरोबर आहे. 2018 मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठात जुन्या वापरलेल्या सुमारे 200 प्लास्टिकच्या खेळण्यांची तपासणी झाली. त्यात पुष्कळ खेळण्यांत शिसं, कॅडमियम असले घातक धातू सापडले, विशेषतः लाल, पिवळ्या आणि काळ्या रंगांत. आपल्याकडे खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला तो 1 जानेवारी 2021 पासून. त्याआधीच्या आपल्या पिशव्यांवर कसलाच मार्क नाही. म्हणून माझं म्हणणं असं. तोंडात घालणारी, तीन वर्षांखालची पोरं ह्या तुकड्यांजवळ नकोत. तुकडा घशात अडकण्याची भीती आहेच, शिवाय हेही. मोठ्या मुलांनी खेळून झाल्यावर हात धुवायचे. रंगाचे पोपडे निघणारे, चिरलेले तुकडे सरळ बाजूला काढायचे. सतरा पिशव्यांपैकी तीन मी अशाच बाद केल्या आहेत. ज्यांच्या होत्या त्यांनी राग मानू नये.

आणखी एक. एका पिशवीत ठोकळ्यांबरोबर मऊ रबरी बाहुली ठेवलेली होती. ती चिकट झाली आणि तिला टेकलेले ठोकळे वितळल्यासारखे झाले. कंपासपेटीत खोडरबर पट्टीला चिकटून बसतो ना, तोच प्रकार. मऊ प्लास्टिकला मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि शेजारच्याला खातं. तेव्हा मऊ आणि कडक एकत्र ठेवू नका. धुताना साबण आणि कोमट पाणी, 40 अंशांच्या वर नको. हे मी बोलून गेले आणि आमचे हे म्हणाले, मे महिन्यात आपल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणीच त्याच्या वर असतं. खरं आहे. पाणी आदल्या रात्री बादलीत काढून ठेवा. वाळवायला उन्हात घालू नका, पिवळे पडतात.

आता खोली. वॉचमनच्या केबिनला लागून जी बारा बाय चौदाची खोली आहे, ती नकाशात सोसायटीचं ऑफिस आहे. सध्या तिच्यात उरलेल्या फरशा, गणपतीच्या आराशीचं सामान आणि दोन मेलेले कूलर आहेत. कमिटीसमोर प्रस्ताव आहे, ती कुरिअरवाल्यांना गोडाउन म्हणून महिना सहा हजारांनी द्यायची. पाइपलाइनला खर्च झालाय, फंड आटलाय, हे मला कळतं. खजिनदार आपल्या खिशात घालायला पैसे मागत नाहीत. पण सहा हजारांना चोवीसने भागलं तर घरटी अडीचशे रुपये होतात. ते अडीचशे मी माझ्यापुरते मेंटेनन्समध्ये जास्त द्यायला तयार आहे, आणि माझ्यासारखे आणखी आठ सभासद आहेत, त्यांच्या सह्या मी सेक्रेटरींकडे दिल्या आहेत. ज्यांना जड जाईल त्यांना कुणी विचारणार नाही.

माझं मागणं एवढंच, की ती खोली मुलांना द्यावी. संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, रविवार सोडून. गणपतीचं सामान वरच्या फळ्यांवर बसतं, मी मोजून पाहिलंय. सी विंगच्या पहिल्या मजल्यावरचे आजोबा आणि मी, दोघं आळीपाळीने बसू. मालकांची मुलं, भाडेकरूंची मुलं, वॉचमनची मुलगी, सगळ्यांना. ह्यावर एका सभासदांनी मला विचारलं, "भाडेकरू उद्या जातील, त्यांच्यासाठी कशाला?" मी त्यांना म्हटलं, तुमचा मुलगा बेंगळुरूला अकरा वर्षं भाड्यानेच राहतोय.

बी विंगमधले एक जोडपं आहे. नाव घेत नाही, ते समोर बसलेत. त्यांनी परवा त्यांची पिशवी आमच्या दारात आणून ठेवली. आमच्याकडे आता कोण खेळणार, म्हणाले. मी पिशवी आत घेतली, चहा टाकला, आणि सहज पाच-सहा तुकडे टेबलावर ओतले. काका बोलता बोलता जोडायला लागले. काकू म्हणाल्या, "अहो, चहा निवतोय." त्यांनी ऐकलं नाही. अर्ध्या तासाने एक गेट तयार झालं, आपल्याच कंपाउंडचं, वॉचमनच्या केबिनसकट. ते मोडायला त्यांना अवघड जात होतं, म्हणून मी तसंच शोकेसमध्ये ठेवलंय. खोली मिळाली की तिथे नेईन. काका आले तर त्यांना आजोबांच्या आणि माझ्या जोडीला तिसरे म्हणून धरीन.

सागाच्या पेटीचं विचाराल तर तीही मी खोलीत ठेवणार आहे. भावाला ते पसंत नाही. वडिलांची आठवण पोरांच्या हातात द्यायची? असं तो म्हणाला. मी त्याला म्हटलं, वडिलांनी ती पोरांच्याच हातात दिली होती. त्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, "पाऊण विटा सगळ्या आहेत ना? कोपऱ्याला लागतात." म्हटलं, आहेत, बारा. त्याच्या तीन विटांचं मी काही विचारलं नाही.

सभा येत्या रविवारी सकाळी दहाला गच्चीवर आहे, विषय क्रमांक सात. ज्यांना कुरिअरवाल्यांना खोली द्यायची आहे त्यांनीही यावं आणि बोलावं, मला त्याचा राग नाही. आणि ज्यांच्या पिशव्या अजून माळ्यावर परत चढलेल्या नाहीत, त्यांनी त्या चढवू नयेत, निदान रविवारपर्यंत. स्टूल चढणं ह्या वयात आपल्याला झेपत नाही.

माझी दहा मिनिटं केव्हाच झाली, सेक्रेटरी साहेब घड्याळाकडे बघतायत. मागे भरीत आणि कळण्याच्या भाकरी तयार आहेत. बसा जेवायला.